स्टिअरिंगखालची पेटी

गाडी घेऊन दहा वर्षं झाली तरी जिचं झाकण एकदाही उघडलेलं नसतं, अशी एक पेटी प्रत्येक गाडीत असते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ती स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर असते. काहींत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. झाकण नखानं ओढलं तरी निघतं. आत दाटीवाटीनं बसलेले रंगीत तुकडे दिसतात: लाल, निळे, पिवळे, तपकिरी, एखादा हिरवा. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कोणता फ्यूज कशाचा त्याचा नकाशा असतो. कोपऱ्यात दोन-चार जादा फ्यूज आणि ते उपटायला प्लास्टिकचा इवलासा चिमटा. गाडी बनवणारा माणूस गाडीच्या मालकाशी थेट बोलतो अशा जागा गाडीत फार थोड्या असतात. ही त्यातली एक आहे, असं मी मानतो.

त्यातला एक लाल फ्यूज चिमट्यानं काढून उजेडाकडे धरून पाहावा. पारदर्शक लाल प्लास्टिकच्या आत दोन पाती उभी असतात आणि त्यांना जोडणारी, वळण घेत गेलेली जस्ताची एक बारीक पट्टी. माथ्यावर 10 हा आकडा. माथ्यालाच दोन्ही कडांना सुईच्या टोकाएवढा धातू उघडा ठेवलेला असतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो, फ्यूज न काढताच टेस्टरचं टोक तिथं टेकवता यावं म्हणून. फ्यूज उडालेला असेल तर पट्टी मध्येच तुटलेली दिसते आणि प्लास्टिकला आतून काळसर डाग पडलेला असतो. रंगांचा हिशेबही ठरलेला आहे. 5 अँपिअरचा फिकट बदामी, 7.5 चा तपकिरी, 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 25 चा बिनरंगी, 30 चा हिरवा. गाडी कोणत्याही कंपनीची असो, रंग तेच. अंधारात, पावसात, घाटात अडकलेल्या माणसाला आकडा वाचता आला नाही तरी रंग ओळखता यावा, हा त्यामागचा विचार. मला तो विचार फार मोलाचा वाटतो.

फ्यूज कशाला वाचवतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. फ्यूज रेडिओला वाचवत नाही, पंख्याला वाचवत नाही, चार्जरलाही नाही. तो वायरला वाचवतो. उपकरण बिघडलं तर ते बहुधा आधीच बिघडलेलं असतं. त्यानंतर त्याच्याकडे जाणारी वायर तापून गालिच्याखाली, सीटच्या फोममध्ये, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमागे पेटू नये, एवढीच फ्यूजची जबाबदारी. त्यामुळे फ्यूजचा आकडा उपकरण किती खातं यावरून वाटेल तसा वाढवता येत नाही. वायर किती सोसते, ती त्याची वरची हद्द. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 10 च्या जागी 20 चा लावून देणारा माणूस आणि घरातल्या कटआउटमध्ये फ्यूजवायरऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळणारा माणूस एकच. दोघांनीही दिवा परत लावलेला असतो आणि राखण काढून घेतलेली असते.

शिवाय आकडा ओलांडला की फ्यूज तत्क्षणी उडतो, हाही समज खरा नाही. पात्याच्या फ्यूजसाठी जी मानकं आहेत त्यांत तो मर्यादेपेक्षा दहा टक्के जास्त प्रवाह निदान शंभर तास सोसू शकला पाहिजे, असं अपेक्षित आहे. पस्तीस टक्के जास्त झाला तर पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही उडेल. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत उडायलाच हवा. म्हणजे 10 अँपिअरच्या फ्यूजमधून 11 अँपिअर चार दिवस सलग वाहू शकतात आणि तो हूं की चूं करत नाही. थोडासा अतिरेक फ्यूजला कळत नाही. तो आपणच, काम करायच्या आधी, कागदावर ओळखायचा असतो.

मोटारीत वीज आली ती मुळात चैनीसाठी नव्हे. 1912 मध्ये कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याचा त्रास गेला. त्या स्टार्टरसाठी गाडीत दमदार बॅटरी आली आणि बॅटरी चार्ज करणारी यंत्रणा आली. एकदा घरात वीज आली म्हटल्यावर मग मागण्या सुरू झाल्या. पॉल गॅल्विननं 1930 मध्ये मोटोरोला हे नाव देऊन गाडीचा रेडिओ बाजारात आणला. रेडिओवाल्यांच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनात त्याला दालन नव्हतं, तर आपल्या स्टूडबेकर गाडीत बसवलेला रेडिओ त्यानं बाहेर रस्त्यावरच मोठ्यानं लावला. त्याच गॅल्विनबद्दल असाही किस्सा सांगतात, की कर्ज मिळावं म्हणून त्यानं एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीला आग लागली. किस्सा तंतोतंत असाच घडला की सांगता सांगता घडत गेला, कोण जाणे. पण गाडीत बाहेरून आणून बसवलेल्या वस्तूंच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आग आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एडवर्ड संट या गृहस्थानं 1927 मध्ये शिकागोत लिटलफ्यूज ही कंपनी काढली ती मोजमापाची नाजूक मीटरं जळू नयेत म्हणून. त्याच कंपनीनं 1976 मध्ये हा पात्याचा फ्यूज आणला आणि पुढे तो सगळ्या जगाच्या गाड्यांत गेला. त्याआधी कुठं काचेच्या नळ्या होत्या, कुठं चिनी मातीच्या दांडीवर बसवलेली धातूची पट्टी. ज्यांनी पद्मिनी चालवली किंवा तिच्या टॅक्सीतून मुंबई पाहिली, त्यांना ते चिनी मातीचे फ्यूज आठवत असतील. दोन स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये ते धरलेले असायचे. वर्षं गेली की पट्ट्या सैल पडत, पकड ढिली झाली की तिथंच गरम होई, आणि मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवलं जाई. पात्याच्या फ्यूजनं हा सैलपणा बराचसा संपवला. चांदी गुंडाळायचा मोह मात्र संपला नाही.

आता मूळ प्रश्न: गाडीत जादा वस्तूंना वीज कुठून द्यायची? गाडीत एक सॉकेट असतंच. मुळात ते सिगारेट पेटवायचं. आता कुणी गाडीत सिगारेट ओढो न ओढो, ते तिथंच आहे. त्यावर 12 व्होल्ट, 120 वॉट असं लिहिलेलं असतं, म्हणजे 10 अँपिअर. इतकी वर्षं ते पुरत होतं. आता काचेला डॅशकॅम हवा, पुढं नकाशा दाखवणारा फोन, मागं मुलांचे फोन, कुणाला टायरच्या हवेचा मीटर, कुणाला डिकीत दिवा. आमच्या गाडीत मागे एसीची जाळी नाही आणि आईला पुढची थंड हवा सोसत नाही. तिच्यासाठी मागच्या सीटला छोटा पंखा हवा होता. गणपतीला कोकणात जाताना वडखळ, माणगावला गाड्यांच्या रांगेत तास-तास थांबावं लागतं, तेव्हा तो पंखा चैनीचा राहत नाही. या सगळ्यांना एका सॉकेटमधून त्रिमुखी, चौमुखी अडॅप्टर लावून वीज द्यायची म्हणजे गिअरपाशी वायरींचं जाळं. खड्ड्यात गाडी आपटली की अडॅप्टर निम्मा बाहेर येतो, आणि निम्म्या बसलेल्या अडॅप्टरसारखी गरम होणारी वस्तू गाडीत दुसरी नाही.

म्हणून पेटीतून वेगळी वाट काढायची. पुण्यात अशी कामं नाना पेठेच्या बाजूला होतात. स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या एका बोळात एक मिस्त्री बसतात, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांच्याकडे डिजिटल मीटर आहे, पण हात आधी जातो तो टेस्ट लॅम्पकडे: होल्डरमध्ये एक जुना इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला क्लिप आणि दुसरीला घासून टोकदार केलेला खिळा. मीटर असताना हे कशाला, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. शेजारी दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या गाडीची मागच्या दिव्याची वायर पुढे ओढली.

“मीटर लावा, दादा. काय दाखवतोय?”

“बारा पॉइंट चार.”

“म्हणजे करंट आहे, बरोबर? आता ह्याला विचारू.”

त्यांनी खिळा त्याच टोकाला टेकवला. बल्ब पेटला नाही. काचेला डोळा लावला तेव्हा तारेत कुठंतरी लालसर झाक दिसली, तेवढीच.

“व्होल्ट आहे, दम नाही. आत सगळ्या तारा हिरव्या पडून गेल्यात, एखादीच उरलीय. मीटरला तेवढी पुरते. दिवा लावायचा म्हटलं की नाही पुरत.”

ते मला तिथं उभ्या उभ्या जितकं कळलं तितकं पुस्तकात वाचून कळलं नसतं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून कुजलेल्या वायरच्या टोकालाही त्याला पूर्ण दाब दिसतो. बल्ब प्रवाह मागतो, आणि मागितल्याबरोबर खरी अवस्था उघडी पडते. अर्थात या बल्बला जिथं तिथं टेकवायचं नसतं, हेही मामांनीच सांगितलं. इंजिनच्या कॉम्प्युटरच्या आणि एअरबॅगच्या वायरींना तो कधीही लावायचा नाही. तिथं बल्बचा भारही जास्त होतो. तिथं मीटरच.

पेटीत दोन जातींची घरं असतात. काहींत चावी काढली तरी वीज असते: आतला दिवा, दारांचं लॉक, घड्याळ. काहींत चावी फिरवल्यावरच येते: सॉकेट, वायपर, म्युझिक. पंखा आणि चार्जर दुसऱ्या जातीच्या घरावर घ्यायचे, म्हणजे गाडी बंद केली की तेही बंद. कोणतं घर कोणत्या जातीचं ते नकाशावरून कळतं, पण नकाशावर विसंबून चालत नाही. एकच नकाशा कंपनी चार मॉडेलांना छापते आणि आपल्या मॉडेलमध्ये नसलेल्या वस्तूंची घरं रिकामी असतात. रिकाम्या घरात कधी वीज असते, कधी मागे धातूची पट्टीच नसते. आणखी एक गोष्ट नव्या गाड्यांत पाहावी लागते. दारं लॉक केल्यावरही काही घरांत काही मिनिटं वीज राहते. गाडीतला कंट्रोलर सगळं आवरून मग झोपतो. मामा त्याला ‘गाडी झोपली का बघू’ असंच म्हणतात. तेवढा वेळ ते बाजूला चहा पितात, परत येऊन तपासतात आणि मगच घर ठरवतात. चहाच्या त्या वेळेला माझ्या लेखी या कामात मोठी किंमत आहे. घाईत पाहिलं तर चावीचं घरही कायमचं वाटतं.

घर ठरलं की जुना फ्यूज काढून त्या जागी फ्यूज टॅप बसवतात. बाजारात हा सहज मिळतो. दुकानदार एवढंच विचारतो, मोठा, मिनी की मायक्रो? कारण फ्यूजचे आकार आता वेगवेगळे आहेत आणि गाडीतला एखादा फ्यूज बरोबर नेला नाही तर हमखास चुकीचा टॅप घरी येतो. टॅपला फ्यूजसारखेच दोन पाय असतात, वर दोन फ्यूज बसायच्या जागा असतात आणि बाजूनं एक लाल वायर निघते. पायांजवळच्या जागेत गाडीचा मूळ फ्यूज बसतो, वरच्या जागेत आपला नवा. जुन्या वाटेला धक्का नाही, वायर कापायची नाही, इन्सुलेशन सोलायचं नाही. उद्या काढून टाकला तर गाडी जशी होती तशी.

पण टॅप कोणत्या बाजूनं घालायचा, यात खरी मेख आहे. उलटा घातला तरी पंखा फिरतो, म्हणून कुणी ते पाहत नाही. ज्यांनी पाटाच्या पाण्यावर दारं धरली आहेत त्यांना हे लगेच समजेल. मुख्य पाटावरून शेजाऱ्याच्या शेजारी आपलं स्वतंत्र दार काढलं, तर त्याचं पाणी त्याच्या दारातून, आपलं आपल्या. शेजाऱ्याच्या दाराच्या आतून आपला चर काढला, तर दोघांचंही पाणी त्याच्या एकाच दारातून जातं आणि ताण आला की त्याचाच बांध फुटतो. टॅपचं तसंच. मूळ फ्यूज काढून, चावी फिरवून, घराच्या दोन फटींत आळीपाळीनं टेस्टर टेकवायचा. ज्या फटीत दिवा लागतो ती पुरवठ्याची बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना मिळून असतो, तो त्या फटीत जायला हवा. मग मूळ फ्यूजमधून मूळचाच प्रवाह जातो, नव्या फ्यूजमधून नवा. उलट बसला तर नव्या पंख्याचा प्रवाहसुद्धा आधी मूळ फ्यूजमधून येतो, आणि एके दिवशी वायपरचा फ्यूज भर पावसात का उडाला याचं कोडं कुणालाच सुटत नाही.

नवा फ्यूज किती अँपिअरचा? आईचा पंखा 15 वॉटचा, म्हणजे सव्वा अँपिअर. फोनचा साधा 10 वॉटचा चार्जर, चार्जरमध्ये वाया जाणारं धरून, एक अँपिअरच्या आसपास. दोन्ही मिळून सव्वादोनच्या आसपास. मामांनी 5 चा बदामी फ्यूज घातला. टॅपवर 10 लिहिलेलं आहे म्हणून 10 चा घालू का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “लिहिलंय ते टॅपला किती झेपतं ते. तुमची वायर बारीक आहे.” एवढ्या एका वाक्यात सगळं आलं.

लाल वायरीइतकीच काळी वायर महत्त्वाची. ती जाते गाडीच्या अंगाला, म्हणजे पत्र्याला. प्लास्टिकच्या खाली एखादा बोल्ट शोधून, त्याखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून, चकचकीत पत्रा उघडा करून मगच त्यावर वायरीचं कान बसवायचं. रंगावरून बोल्ट आवळला तर वीज परतायला वाट नाही. गाडीत विजेचे जे चमत्कारिक आजार दिसतात, म्हणजे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो किंवा हॉर्न वाजवला की रेडिओ खरखरतो, त्यात अनेकदा हीच परतीची वाट गंजलेली असते. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत तर हा बोल्ट दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा.

मूळचा फ्यूज कोणताही असला तरी टॅप लावावा, असं मुळीच नाही. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा, इंजिनचा कॉम्प्युटर, पॉवर स्टिअरिंग, यांच्या घरांकडे हात न्यायचा नाही. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर पिवळ्या रंगाचे असतात ते याचसाठी, हात तिथं जाण्याआधी थांबावा म्हणून. ज्या वस्तू माणसाच्या जिवावर बेतल्यावर उपयोगी पडायच्या, त्यांच्या वाटेवर आपला फोन चार्ज करायचा नसतो. काचा वरखाली करणारी मोटर, ब्लोअर, यांसारख्या मध्येच खूप ओढणाऱ्या वस्तूंची घरंही मी टाळीन. म्युझिक किंवा सॉकेटचं घर सर्वांत भलं.

फ्यूज टॅपच्या बाबतीत मला सर्वांत जास्त पटतं ते हे, की तो फ्यूज उगमापाशी असतो. पुष्कळ डॅशकॅम आणि दिवे बसवताना थेट बॅटरीवरून किंवा एखाद्या जाड वायरीला चिमटा मारून वीज घेतात आणि फ्यूज असलाच तर तो उपकरणाजवळ, काचेपाशी. मग बॅटरीपासून काचेपर्यंतची सगळी वायर उघडी, बिनराखणीची. पावसाळ्यात बॉनेटमध्ये उंदीर शिरतात, उबेला बसतात आणि वायरी कुरतडतात, हे आपल्याकडे सोसायटीत गाडी लावणाऱ्या कुणालाही सांगायला नको. लोक तंबाखूच्या पानांच्या पुरचुंड्या टांगतात त्या काही हौस म्हणून नाही. कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली, तर तिच्या पुढं बसवलेला फ्यूज काय करणार? प्रवाह त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देऊ शकते. त्या वेळी बारीक वायर म्हणजे हीटरची तार. म्हणून नवी वायर जिथून सुरू होते तिथंच, पहिल्या वीतभरात, तिचा फ्यूज असायला हवा. याला अपवाद नाही.

डॅशकॅमचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण त्याला गाडी उभी असतानाही पाहत राहायचं असतं. त्याच्या किटला तीन वायरी असतात: कायमच्या विजेची, चावीच्या विजेची आणि पत्र्याची. उभ्या गाडीत तो पाव अँपिअर घेतो असं धरू. दिवसाचे 24 तास म्हणजे 6 अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची. तीन दिवसांत अर्धी रिकामी. गाडी लग्नाला गेली, विमानतळावर आठवडाभर उभी राहिली, की परत आल्यावर स्टार्टर नुसता टक-टक करणार. चांगल्या किटमध्ये म्हणून दाब मोजणारी सोय असते. भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्ट दाखवते, निम्मी झाली की 12.2 च्या आसपास, 12 च्या खाली गेली की ती जवळजवळ गेलीच. किटचा आकडा 12.2 वर ठेवला तर कॅमेरा वेळेत बंद होतो आणि गाडी चालू होण्यापुरती वीज मागे राहते. दुकानात तो आकडा अनेकदा सगळ्यात खाली ठेवून देतात, कारण मग कॅमेरा जास्त वेळ चालतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. बॅटरी वर्षभर आधी जाते, त्याचा संबंध कॅमेऱ्याशी कुणी जोडत नाही. फास्टॅगचं मला म्हणून कौतुक वाटतं. तोही काचेलाच चिकटलेला असतो, पण गाडीकडे काहीच मागत नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरीतून पुरेशी ऊर्जा घेऊन तो आपली ओळख सांगतो.

टॅपला न झेपणाऱ्या वस्तूही आहेत. नेहमीचा हेडलाइटचा बल्ब 60/55 वॉटचा. बाजारात 100/90 चे मिळतात आणि घाटातल्या धुक्याचं निमित्त सांगून लोक ते घालतात. 100 वॉट म्हणजे सव्वाआठ अँपिअर, दोन दिव्यांचे साडेसोळा. मूळ वायरींना आणि स्विचला एवढ्याची सवय नसते; कपलर वितळून तपकिरी पडलेले मामांच्या टेबलाखाली डबाभर आहेत. असे भार रिलेवर घ्यायचे असतात. स्विचमधून रिलेपुरता बारीक प्रवाह जातो आणि रिले बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून, जाड वायरीनं दिव्याला वीज देतो. कर्कश, बहुसुरी हॉर्नचं मात्र रिलेनंही समर्थन होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम ते चालू देत नाही, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला दचकवणारी वस्तू व्यवस्थित वायरिंग करून बसवली म्हणून चांगली होत नाही.

गाड्यांच्या कंपन्या याबाबतीत हात झटकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कापलेली वायर दिसली की वॉरंटी नाकारायची, एवढंच त्यांचं धोरण दिसतं. कापाकापीला विरोध मलाही मान्य आहे. पण गिऱ्हाईक गाडीत काहीतरी बसवणारच, हे 1930 पासून ठाऊक असताना त्यासाठी एक सरळ जागा का ठेवत नाहीत? अमेरिकेत फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये पुढं लावायच्या वस्तूंसाठी कारखान्यातूनच जादा स्विच आणि फ्यूज असलेल्या वायरी मिळू शकतात. आपल्या पाच-सात लाखांच्या गाडीत तेवढे स्विच नकोत. चावीच्या विजेचं एक घर, कायमच्या विजेचं एक, शेजारी पत्र्याचा एक बोल्ट आणि झाकणावर ‘जादा वस्तूंसाठी, 10 अँपिअरपर्यंत’ एवढे शब्द मराठीत. खर्च किरकोळ आहे. इलेक्ट्रिक गाड्यांत तर हे अधिकच हवं. त्यांतही दिवे, वायपर, म्युझिक यांच्यासाठी 12 व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि त्याच गाडीत नारिंगी आवरणाच्या वायरींमधून शेकडो व्होल्ट वाहत असतात. त्या नारिंगी वायरींजवळ बोळातल्या कुणाही मिस्त्रीनं अंदाजानं हात घालू नये असं वाटत असेल, तर त्याला बिनधोक जागा कोणती ते कंपनीनंच दाखवायला हवं.

ते होईल तेव्हा होवो. तोवर गाडीत काहीही बसवून घेतलंत, तर पैसे देण्याआधी मिस्त्रीला विचारा: नव्या वायरीचा फ्यूज कुठं आहे आणि किती अँपिअरचा आहे? त्याला तो दाखवायला लावा, चिमट्यानं काढून स्वतः हातात घ्या, रंग पाहा आणि गाडीच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. आणि फ्यूजच घातलेला नाही असं उत्तर आलं, तर ती वायर तिथल्या तिथं काढून घ्या.